फुटलेल्या माहितीमागची डागडुजी : फ्रीझ, पिन आणि पावत्यांच्या नोंदी

६ जानेवारी

पगार आणि आरोग्यविम्याचे हिशेब सांभाळणाऱ्या एका कंपनीतून माहिती फुटली. आपल्या यादीत अमेरिकेतली ९ मराठी घरं आहेत: १८ मोठी माणसं, १६ वर्षांखालची ८ मुलं, शिवाय ५ आजी-आजोबा. आजी-आजोबांची माहिती फुटलेली नाही, पण कागदपत्रं काढून बसलोच आहोत तर त्यांचंही उरकायचं ठरलं.

कंपनीने पाठवलेल्या पत्रातली यादी जशीच्या तशी उतरवून घेतली: नाव, जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन, कर-कर्ज-नोकरी सगळीकडे लागणारा अमेरिकेतला ओळख नंबर), पगार जमा होणाऱ्या खात्याचा नंबर, विम्याचा मेंबर नंबर. पासवर्ड नाहीत, कार्ड नंबर नाहीत. पत्रात ‘असू शकते’ लिहिलेलं सगळं ‘गेलं’ असंच धरायचं.

कामाची विभागणी यावरूनच ठरते. खातं नंबर आणि मेंबर नंबर बदलून मिळतात. जन्मतारीख बदलत नाही. एसएसएन अगदी अपवाद म्हणून बदलून देतात, पण नव्या नंबरामागे क्रेडिटचा इतिहास कोरा असतो आणि जुना नंबर काही पाठ सोडत नाही. तो मार्ग आपला नाही. जे बदलता येत नाही ते निरुपयोगी करून ठेवायचं, म्हणजे नंबर चोराच्या हातात असला तरी त्यावर काही उघडता येऊ नये, एवढंच उद्दिष्ट.

जाता जाता: २५ जून २०११ पूर्वी दिलेल्या एसएसएनचे पहिले तीन आकडे राज्यावरून ठरत, त्यानंतरचे नंबर यादृच्छिक आहेत. म्हणजे जुन्या नंबरांत अंदाजाने न सांपडणारा भाग मुख्यतः शेवटचे चार आकडे, आणि फोनवर प्रत्येक जण ओळख पटवायला नेमके तेच चार विचारतो.

७ जानेवारी

पत्र खरं की खोटं, याची शहानिशा. पत्रातल्या दुव्यावर किंवा फोन नंबरावर जायचं नाही. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिथली सूचना बघायची. दुसरी जागा म्हणजे राज्यांच्या ॲटर्नी जनरलच्या साइट्स. कॅलिफोर्निया आणि मेन ही राज्यं अशा गळतींच्या सूचना जाहीर करतात आणि बरेचदा पत्राचा नमुनाही तिथे असतो. आपलं पत्र त्या नमुन्याशी शब्दाला शब्द जुळलं.

ही खबरदारी फाजील नाही. २०१७ साली इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोने, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीने, स्वतःकडच्या गळतीनंतर ‘इक्विफॅक्ससिक्युरिटी२०१७’ नावाची वेगळी साइट काढली. एका डेव्हलपरने शब्दांची उलटापालट करून ‘सिक्युरिटीइक्विफॅक्स२०१७’ अशी नक्कल उभी केली, लोकांना धोका दाखवायला. आणि इक्विफॅक्सच्याच ट्विटर खात्यावरून लोकांना त्या नकलेकडे पाठवलं गेलं.

पत्रासोबत २४ महिन्यांचं फुकट मॉनिटरिंग आहे, म्हणजे आपल्या नावावर काही नवं उघडलं की कळवणारी सेवा. कोड टाकायची शेवटची तारीख कॅलेंडरात लिहिली. घ्यायला हरकत नाही, पण त्यावर विसंबायचं नाही. चोर जिना उतरून गेल्यावर शिट्टी वाजवणारा राखणदार तो. नोंदणी करताना कार्ड नंबर मागितला तर थांबायचं. पत्रासोबत आलेल्या फुकट सेवेला कार्ड लागत नाही.

८ जानेवारी

लगेच फ्रीझ टाकायची, म्हणजे ब्युरोकडची आपली फाइल नव्या सावकारांना बंद करायची, घाई सगळ्यांनाच होती, पण आधी ईमेल आणि फोन. कारण पूर्वी फ्रीझ टाकल्यावर पिन मिळायचा, आता ब्युरोच्या साइटवर खातं असतं आणि ते उघडतं ईमेल आणि फोनवर. ईमेलच ढिला असेल तर कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यासारखं होतं. इक्विफॅक्सच्या जुन्या पिनची गंमत वेगळीच होती: २०१७ मध्ये उघडकीला आलं की ते पिन म्हणजे फ्रीझ टाकल्याची तारीख आणि वेळ.

प्रत्येक मोठ्या माणसाच्या मुख्य ईमेलवर केलेली कामं: नवा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड, शक्य तिथे पासकी (पासवर्डऐवजी फोनच्याच कुलपाने उघडणारी), नाहीतर ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनचे कोड फोनवरच देणारं), बॅकअप कोड कागदावर. मग फॉरवर्डिंगचे नियम तपासले. ही पायरी लोक हटकून विसरतात. पासवर्ड बदलला तरी ‘बँक’ शब्द असलेली पत्रं दुसरीकडे पाठवणारा नियम तसाच राहतो. एका खात्यात रिकव्हरीचा पत्ता जुन्या नोकरीचा निघाला, तो काढला.

फोन कंपनीच्या खात्यावर वेगळा पिन आणि नंबर दुसरीकडे नेण्यावर लॉक. जन्मतारीख आणि एसएसएनचे शेवटचे चार आकडे ज्याच्याकडे आहेत, तो ग्राहकसेवेला फोन करून सिम बदलून घेऊ शकतो. मग एसएमएसवर येणारे सगळे कोड त्याच्या खिशात. लॉक लावल्यावर ॲप बंद करून पुन्हा उघडून पाहायचं. दोन फोनवर बटण ‘चालू’ दिसत होतं, पण पुष्टीचा कोड न टाकल्यामुळे लॉक लागलंच नव्हतं. कुटुंबाचा एकत्र प्लॅन असेल तर लॉक प्रत्येक लाइनला वेगळं लावावं लागतं.

१० जानेवारी

फ्रीझचा दिवस. इक्विफॅक्स, एक्स्पिरियन, ट्रान्सयुनियन. तिन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं, एकाने दुसऱ्याला कळवायची सोय फ्रीझला नाही. ती सोय फ्रॉड अलर्टला आहे: एका ब्युरोकडे लावला की त्याने बाकी दोघांना कळवणं बंधनकारक. पण अलर्ट म्हणजे कर्ज देणाऱ्याला ‘आधी खात्री करून घ्या’ अशी सूचना. फ्रीझमध्ये फाइल त्याला दिसतच नाही. दोन्ही लावता येतात, आपण दोन्ही लावले. साधा अलर्ट एक वर्ष टिकतो. फ्रीझ काढेपर्यंत राहतो.

२१ सप्टेंबर २०१८ पासून फ्रीझ टाकणं-काढणं देशभर फुकट आहे. ऑनलाइन किंवा फोनवर मागणी केली तर एका कामकाजाच्या दिवसात लागला पाहिजे, उठवायची मागणी केली तर एका तासात उठला पाहिजे. टपालाने दोन्हीला तीन कामकाजाचे दिवस. क्रेडिट स्कोअरवर काही परिणाम नाही.

घोटाळा होतो तो ‘लॉक’ या शब्दाशी. फ्रीझ हा कायद्याने दिलेला हक्क, लॉक ही कंपनीची सेवा, तिच्या करारातल्या अटींवर चालणारी आणि काही ठिकाणी मासिक पैसे घेणारी. पानावर लॉकचं बटण मोठं आणि रंगीत, फ्रीझचा दुवा खाली बारीक अक्षरात. पैसे मागणारं पान आलं की रस्ता चुकला समजायचं आणि मागे फिरायचं.

प्रत्येक फ्रीझनंतर तारखेसह पुष्टीच्या पानाचा फोटो, आणि लॉगआउट करून परत आत जाऊन ‘फ्रोझन’ दिसतंय का ते पाहणं. १८ माणसं, प्रत्येकी ३ म्हणजे ५४ फ्रीझ. आज ४३ लागले. ११ अडकले.

११ जानेवारी

अडकलेल्या अकराचं शवविच्छेदन. तीनच कारणं निघाली.

पहिलं, आपली नावं. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. एसएसएन कार्डावर एक, लायसन्सवर दुसरं, बँकेत फक्त आद्याक्षर. कोणाच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा राहिल्यामुळे व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’, आणि ते तसंच लायसन्सवर उतरलेलं. ब्युरोच्या फाइलमध्ये नाव जातं ते कार्ड देणाऱ्या बँकेकडून. म्हणून एसएसएन कार्डावरचं नाव टाकून जमलं नाही तर सर्वांत जुन्या क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर छापलेलं नाव, अक्षर न् अक्षर तसंच टाकायचं. ५ फ्रीझ एवढ्यानेच सुटले.

दुसरं, ओळख पटवणारे प्रश्न. ‘यांपैकी कोणत्या पत्त्यावर राहिला होता’, ‘अमुक साली गाडीचं कर्ज कोणाकडून घेतलं’. यातले काही प्रश्न मुद्दाम खोटे असतात आणि त्यांचं बरोबर उत्तर ‘वरीलपैकी नाही’ हेच असतं. माणसं मात्र काहीतरी निवडलंच पाहिजे या भावनेने अंदाज ठोकतात. दोनदा चुकलं की बहुधा ऑनलाइन रस्ता काही काळ बंद होतो. जुने पत्ते आधी कागदावर काढून बसायचं, विद्यार्थीदशेतल्या अपार्टमेंट नंबरांसकट. ३ सुटले, फोनवरून.

तिसरं, फाइलच पातळ. गेल्या वर्षीच आलेल्या एका जोडीदाराच्या नावावर एकही कार्ड नाही, म्हणून तिन्ही ब्युरोंना ती व्यक्ती सांपडेना. हे ३ टपालाने.

१४ जानेवारी

धाकट्या ब्युरो. तिघांवर फ्रीझ टाकून लोक हात धुतात, पण बँक खातं उघडताना बँका बहुधा चेक्ससिस्टिम्सकडे पाहतात. मोबाइल आणि वीज-गॅसच्या जोडणीसाठी एनसीटीयूई. क्रेडिटसाठी चौथी इनोव्हिस. पगार आणि नोकरीचा इतिहास ‘द वर्क नंबर’मध्ये, ती सेवा इक्विफॅक्सचीच. या सगळ्यांकडे फ्रीझची सोय आहे. पगाराच्या कंपनीतून गळती झालेली, तेव्हा शेवटचीला आम्ही वर घेतलं. तिथला स्वतःचा अहवाल मागवला तर मालकाने प्रत्येक पगार तारखेसह कळवलेला दिसतो. बऱ्याच जणांना असं काही अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं.

‘प्रीस्क्रीन्ड’ कार्डांची, म्हणजे न मागता येणाऱ्या कार्डांच्या देकारांची, पत्रं वेगळी बंद करावी लागतात, फ्रीझने ती थांबत नाहीत. ऑनलाइन मागणी केली तर पाच वर्षं बंद राहतात. कायमची बंद हवी तर फॉर्म छापून, सही करून टपालाने. टपालपेटीतून असं पत्र उचलून अर्ज भरणं ही फार जुनी युक्ती आहे. त्याच बैठकीत यूएसपीएसच्या, म्हणजे अमेरिकी टपालखात्याच्या, इन्फॉर्म्ड डिलिव्हरीची नोंदणी केली: येणाऱ्या पाकिटांची चित्रं रोज सकाळी ईमेलवर. आपण केली नाही तर आपल्या पत्त्यावर दुसरा कोणी करू पाहील आणि नवं कार्ड कुठल्या दिवशी येणार ते आपल्याआधी त्याला कळेल.

ई-व्हेरिफाय, म्हणजे नोकरीवर घेताना मालकाने कामाची परवानगी तपासायची सरकारी व्यवस्था; तिच्यातलं ‘सेल्फ लॉक’ मात्र सरसकट लावलं नाही. त्याने आपल्या एसएसएनवर दुसऱ्या कोणाला ई-व्हेरिफायवाल्या मालकाकडे नोकरी धरता येत नाही, हे खरं. पण लॉक काढायला विसरून नवी नोकरी धरली तर आपलीच पडताळणी ‘जुळत नाही’ म्हणून अडकते. स्टेम ओपीटीवर (विज्ञान-तंत्रज्ञान शिकून विद्यार्थी व्हिसावरच नोकरी) असलेल्यांचा मालक ई-व्हेरिफायमध्ये असणं सक्तीचं आहे, त्यांना तर हा धोका पहिल्याच दिवशी. नोकरी बदलायच्या बेतात असलेल्या तिघांना ‘नको’ म्हणून सांगितलं.

१६ जानेवारी

आयआरएसचा, म्हणजे अमेरिकी करखात्याचा, आयपी पिन: रिटर्न आपलंच आहे हे दाखवायला त्यावर टाकायचा आकडा. सहा आकडी, दर कॅलेंडर वर्षाला नवा. हा पिन असलेल्या माणसाचं रिटर्न पिनशिवाय ऑनलाइन भरलं तर परत फेकलं जातं. चोर रिटर्न आधी भरून परतावा उचलतो, आणि खरा करदाता एप्रिलमध्ये भरायला गेला की ‘या नंबरावर रिटर्न आलेलं आहे’ असा नकार बघतो. मग कागदी रिटर्न, फॉर्म १४०३९ (ओळख चोरीला गेल्याचं प्रतिज्ञापत्र) आणि महिनोन्महिने वाट. म्हणून हे काम जानेवारीच्या मध्याला, पिनची सोय नव्या वर्षासाठी उघडली की लगेच. जानेवारी २०२१ पासून ओळख सिद्ध करू शकणाऱ्या प्रत्येक करदात्याला तो मिळतो, आयटीआयएनवाल्यांनाही (एसएसएन नसलेल्यांना करापुरता मिळणारा नंबर).

ऑनलाइन खात्यासाठी लायसन्स किंवा पासपोर्टचा फोटो आणि सेल्फी लागते. फोटो नाकारले गेले ते बहुतेक चकाकीमुळे. लायसन्स गडद टेबलावर ठेवून, दिवा बाजूला करून, खिडकीच्या उजेडात काढला की पहिल्या झटक्यात चालतो.

पती-पत्नी एकत्र रिटर्न भरत असले तरी पिन दोघांचे वेगळे. सीएला किंवा टॅक्सवाल्याला पिन ईमेलने पाठवायचा नाही, फोनवर सांगायचा. आयआरएस आपण होऊन फोन करून हा पिन कधीच विचारत नाही. हे वाक्य प्रत्येक घरात दोनदा म्हणून घेतलं.

सोशल सिक्युरिटीचं ऑनलाइन खातंही याच दिवशी सगळ्यांनी स्वतःच्या नावाने उघडून ठेवलं, निवृत्तीला वीस वर्षं असली तरी. जागा आपण अडवली की दुसऱ्याला तिथे बसता येत नाही.

१९ जानेवारी

मुलं आणि आजी-आजोबा. मुलांचा एसएसएन चोराला जास्त आवडतो: मागे काही इतिहास नाही आणि अठराव्या वर्षापर्यंत कोणी बघतही नाही. १६ वर्षांखालच्या मुलाची फाइल नसेल तर ब्युरोने ती फक्त फ्रीझसाठी तयार करून गोठवायची असते. हे टपालाने. प्रत्येक पाकिटात पालकाच्या लायसन्सची प्रत, पालकाच्या पत्त्याचा पुरावा, पालकाचं आणि मुलाचं एसएसएन कार्ड, मुलाचा जन्मदाखला, आणि सहीचं पत्र. ८ मुलं, ३ ब्युरो, २४ पाकिटं. सर्टिफाइड मेल, पोचपावतीसह.

परत येणारी पाकिटं कशामुळे परत येतात ते आधीच ठाऊक असलेलं बरं. एसएसएन कार्डाची प्रत फिकट: कार्डाची पार्श्वभूमी निळसर नक्षीची असल्याने काळ्या-पांढऱ्या प्रतीत आकडे बुडतात, म्हणून मोठी करून रंगीत काढायची. वीजबिल नवऱ्याच्या नावावर आणि अर्ज आईचा. आणि भारतात जन्मलेल्या मुलांचा दाखला मराठीत! नगरपालिकेचा दाखला द्विभाषिक असेल तर ठीक, नुसता मराठी असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचं. जन्मदाखल्यात आईचं माहेरचं नाव असेल तर विवाहनोंदणीची प्रतही.

आजी-आजोबांपैकी दोघे व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्यांना एसएसएनच नाही, काम संपलं. ग्रीनकार्डवाल्या तिघांचे नंबर आहेत पण कर्ज-कार्ड काही नाही, त्यांचंही टपालाने, ९ पाकिटं. ११ तारखेची ३ धरून आज एकूण ३६ पाकिटं पोस्टात पडली. पावत्यांवरचे नंबर वहीत, ओळीने.

२ फेब्रुवारी

अहवालवाचन. तिन्ही ब्युरोंचे अहवाल ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवरून दर आठवड्याला फुकट मिळतात. साथीच्या काळात सुरू झालेली ही सोय २०२३ मध्ये कायमची झाली. ‘फ्री’ शब्दाशी खेळणाऱ्या सारख्या नावांच्या साइट्स बऱ्याच आहेत, पत्ता हाताने टाइप करायचा.

माणसं पहिल्या पानावरचं खात्यांचं कोष्टक बघतात आणि पान मिटतात. आम्ही उलटं वाचतो. आधी पत्ते आणि फोन नंबर: कधी न राहिलेल्या गावाचा पत्ता दिसला तर कुठेतरी अर्ज झालेला आहे. मग ‘हार्ड इन्क्वायरी’, म्हणजे कोणी कर्ज मागितल्यावर सावकाराने फाइल पाहिल्याची नोंद, ही दोन वर्षं दिसते. ‘सॉफ्ट’ नोंदी बँकांच्या जाहिरातबाजीच्या किंवा आपण स्वतः पाहिल्याच्या, त्या सोडून द्यायच्या.

आज चार घरांत धावपळ उडाली ती ‘सिंक्रोनी’ आणि ‘कोमेनिटी’ या अनोळखी नावांनी. चोरी नव्हती. दुकानाच्या नावाचं कार्ड प्रत्यक्षात बँक देते आणि अहवालात बँकेचं नाव येतं. फर्निचरवर दहा टक्के सूट मिळते म्हणून दिवाळीत घेतलेलं कार्ड होतं ते.

एक नोंद मात्र खरी निघाली. घर ६. अहवालात २९ डिसेंबरला उघडलेलं वैयक्तिक कर्जाचं खातं, अनोळखी राज्यातला पत्ता. आपल्या फ्रीझच्या बारा दिवस आधीचं.

३ फेब्रुवारी

घर ६ चं काम, क्रमाने.

सकाळी सावकार कंपनीच्या फ्रॉड विभागाला फोन. साध्या ग्राहकसेवेत हे सांगायचं नाही. तिथे ‘पैसे भरता येत नाहीत का’ या फाट्यावर नेतात. खातं बंद करायला सांगितलं, बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि केस नंबर घेतला. एक सेंटही भरायचा नाही. ‘तात्पुरता किमान हप्ता भरा, नंतर परत करू’ असं सुचवलं गेलं. भरला की कर्ज आपलं असल्याचं मान्य केल्यासारखं दिसतं.

मग आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्हवर एफटीसीचा, म्हणजे ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या सरकारी आयोगाचा, ओळखचोरीचा अहवाल. हा कागद सगळ्याची गुरुकिल्ली. खातं उघडून भरला तर पुढे दुरुस्ती करता येते. खात्याशिवाय भरला तर पान बंद करण्याआधी उतरवून घ्यावाच लागतो. सावकाराचं नाव अहवालात जसं आहे तसंच लिहायचं, खात्याचे दिसणारे आकडेही.

त्याच्या जोरावर तिन्ही ब्युरोंना फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टच्या कलम ६०५बीखाली पत्र. पत्रात चारच गोष्टी लागतात: ओळखीचा पुरावा, एफटीसीचा अहवाल, कोणती नोंद चोरीतून आली ते नेमकं, आणि तो व्यवहार आपला नाही असं विधान. हे मिळाल्यापासून चार कामकाजाच्या दिवसांत ब्युरोने ती नोंद रोखायची असते. नुसती ‘डिस्प्यूट’, म्हणजे नोंद चुकीची असल्याची साधी तक्रार, टाकली तर मुदत साधारण ३० दिवसांची, आणि ब्युरो सावकारालाच विचारणार, सावकार ‘आमच्याकडे नोंद आहे’ म्हणणार. म्हणून पत्राच्या पहिल्या ओळीत कलमाचा आकडा ठळक.

सावकाराला दुसरं पत्र, कलम ६०९(ई)खाली: चोराने भरलेल्या अर्जाच्या आणि व्यवहारांच्या प्रती ३० दिवसांत द्या. त्या अर्जात चोराने दिलेला फोन, ईमेल, पैसे गेलेलं खातं असतं. अलर्टही वाढवून घेतला. एफटीसी अहवाल असला की सात वर्षांचा मिळतो.

२० फेब्रुवारी

दोन ब्युरोंनी नोंद रोखली. तिसरीने पत्राला ‘डिस्प्यूट’ समजून ३० दिवसांचं उत्तर पाठवलं. तेच पत्र पुन्हा, पहिल्याच्या पोचपावतीची प्रत जोडून, आणि सीएफपीबीकडे (बँका-ब्युरोंविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था) ऑनलाइन तक्रार. तक्रारीत कथा लिहायची नाही. तारखा, कलम, काय मागितलं, काय मिळालं, बस.

सावकाराकडून अर्जाची प्रत आली. नाव, जन्मतारीख, एसएसएन बरोबर. फोन आणि ईमेल चोराचे. पगाराचा आकडा फुगवलेला.

३ मार्च

आहेत ती खाती. फ्रीझ नवं खातं थांबवतो, चालू खात्याला त्याचा काही उपयोग नाही. या गळतीत बँक खात्याचा नंबर गेलेला, म्हणून शून्य डॉलरपासून प्रत्येक व्यवहाराचा अलर्ट, जमा-खर्च दोन्हीचा. जमेचाही का, तर खातं बाहेरच्या सेवेला जोडताना एक डॉलरच्या आतल्या दोन छोट्या रकमा येतात. आपण काही जोडलेलं नसताना १४ सेंट आणि ३१ सेंट आले तर कोणीतरी दार ठोठावून पाहतंय, त्याच तासाला बँकेला फोन.

क्रेडिट कार्डावरच्या फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी कायद्याने फार तर ५० डॉलर. डेबिट कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं तर हिशेब कडक आहे: कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत सांगितलं तर ५०, उशीर झाला तर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस उलटले तर त्यानंतर गेलेल्या पैशांना मर्यादाच नाही. म्हणून स्टेटमेंट न उघडणाऱ्या माणसाने निदान अलर्ट तरी लावावा.

खातंच बदलायचं का, यावर बरीच घासाघीस झाली. पगार, गहाणाचा हप्ता, वीज, शाळा सगळं हलवायचं. एक हप्ता चुकला तर दंड आपल्याच बोडक्यावर. दोनच घरांनी बदललं, जिथे शिल्लक मोठी होती. जुनं खातं थोडी रक्कम ठेवून दोन महिने उघडं.

विम्याचा मेंबर नंबर बदलून मागितला, आणि ईओबी, म्हणजे विमा कंपनीकडून येणारे उपचारांचे तपशील, वाचायची सवय. दवाखान्याचं नाव, तारीख, कोणासाठी. दुसऱ्याचा उपचार आपल्या नावावर चढला तर पैशापेक्षा वाईट म्हणजे त्याचा रक्तगट आणि औषधं आपल्या फाइलमध्ये येतात.

१२ मार्च

फ्रीझ उठवून पाहायची पहिली वेळ, घर २ ची गाडी. डीलरला आधीच विचारलं, कर्ज देणारा कोणत्या ब्युरोकडे पाहतो. ‘तिन्ही उघडा’ असं उत्तर आलं. खोदून विचारल्यावर एकच निघाली. तेवढीच, तीन दिवसांसाठी, तारखा घालून उघडली; मुदत संपली की आपोआप बंद. पती-पत्नी दोघांच्या नावे कर्ज असेल तर दोघांचं उठवायचं. एकाचं राहिलं आणि शोरूममध्ये वीस मिनिटं बसावं लागलं, पासवर्ड मॅनेजर घरच्या लॅपटॉपवर होता.

घराच्या कर्जाची गोष्ट वेगळी. तिथे तिन्ही ब्युरो लागतात आणि सही होण्याआधी सावकार पुन्हा फाइल पाहतो. अर्जाच्या दिवसापुरतं उघडलं तर शेवटच्या आठवड्यात काम अडतं.

२६ मार्च

फोन यायला लागले. ‘तुमचा फ्रीझ तुटला आहे, पुन्हा लावण्यासाठी आलेला कोड सांगा.’ बोलणाऱ्याकडे पत्ता, जन्मतारीख, शेवटचे चार आकडे सगळं बरोबर. ते बरोबर असणारच, तेच तर फुटलंय. समोरच्याला आपली माहिती आहे हा ओळखीचा पुरावा नव्हे, हे आजी-आजोबांना समजावायला सर्वांत जास्त वेळ लागला. शेवटी फोनजवळ चिठ्ठी लावली: ‘कोड कोणालाही नाही. ठेवून द्या. मुलाला विचारा.’ घरातल्या घरात एक परवलीचा शब्दही ठरला, मुलाच्या आवाजात ‘अटक झाली, पैसे पाठवा’ असा फोन आला तर विचारायला. शब्द कुठल्याही फोटोत, पोस्टमध्ये न आलेला हवा; कुत्र्याचं नाव बाद केलं.

१० एप्रिल

शिल्लक हिशेब. ३६ पाकिटांपैकी ३१ ची पुष्टी आली. ४ परत: तीन फिकट प्रतींमुळे, एक पत्त्याच्या पुराव्यावर जुनं अपार्टमेंट असल्यामुळे, चारही दुरुस्त करून टाकली. एकाची पोचपावती आहे, पुष्टी नाही, फोनवर पाठपुरावा.

घर ६ : तिसऱ्या ब्युरोने तक्रारीनंतर नोंद रोखली. तिन्ही अहवाल नव्याने काढून खात्री केली, कारण रोखलेली नोंद सावकाराने पुन्हा कळवली तर ती परत उगवते. जून आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा बघायचं.

रिटर्न्स सर्वांची गेली. एका घरात धाकट्या मुलीचा आयपी पिन टाकायचा राहिल्याने रिटर्न परत आलं. पिन टाकून दुसऱ्या दिवशी स्वीकारलं गेलं.

कॅलेंडरात घातलेलं: ८ जानेवारीला फ्रॉड अलर्टचं नूतनीकरण, जानेवारीच्या मध्याला नवे आयपी पिन, मॉनिटरिंग संपायच्या एक महिना आधी आठवण, म्हणजे ते आपोआप पैशाच्या योजनेत सरकत नाही ना ते बघता येईल. थोरल्या दोन मुलांना या वर्षी १६ पूर्ण होतात. त्यांच्या फ्रीझच्या पुष्टीपत्रांची पाकिटं त्यांच्याच हातात द्यायची आहेत.